समोरची खुर्ची

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता ती नाही, आणि माझंही वय झालं, म्हणून लिहितो आहे.

पंजाबात अतिरेक्यांचे दिवस होते. चंदीगडच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो. आमचे पी.टी.चे सरदारजी भांडलेल्या मुलांना मारत नसत. खोलीचं दार लावून दोघांना समोरासमोर बसवत. ज्याची चूक, त्याने ती बोलून दाखवायची आणि दुसऱ्यासाठी पाण्याचा ग्लास भरायचा. मन निवल्याशिवाय दुसऱ्याने तो प्यायचा नाही. "दस्स पुत्तर, की होया?" काय झालं, एवढं विचारून सरदारजी गप्प बसत.

एकदा साध्या वेशातल्या पोलिसाने मला विचारलं, "सरदारजी बंद कमरे में लड़कों से क्या बातें करते हैं?" मला पक्कं ठाऊक होतं. तरी भीतीने म्हणालो, "पता नहीं जी."

पोलिसांनी सरदारजींना नेलं. परतले ते लंगडतच. तेव्हापासून शाळा सुटली की ते दार सताड उघडं टाकून बसत. समोर रिकामी खुर्ची, शेजारी रिकामा ग्लास. मी व्हरांड्यातून दबक्या पावलांनी गेलो, तरी मान न वळवता म्हणत, "आओ जी, मास्टरजी."

त्यांनी शाळा सोडली त्या दिवशी मी आत गेलो. खुर्चीवर बसलो, ग्लास काठोकाठ भरला. त्यांनी तो हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आज गर्मी बहुत है जी," मी म्हणालो.

त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला.