फ्लास्कमध्ये बदललेला विषाणू

मूळ नमुन्याचा रिपोर्ट उघडला. ज्या एका बदलावर माझी दोन वर्षं गेली होती, तो त्यात नव्हताच.

मी राजुऱ्याची. पीएचडीनंतर नागपूरच्या एका लॅबमध्ये पोस्टडॉक करते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती कशा काढतो, हा माझा विषय. प्रती काढायचं यंत्र, म्हणजे पॉलिमरेज, तो सोबतच घेऊन येतो. भामरागडकडच्या एका गावातल्या तापाच्या रुग्णाच्या नमुन्यातून आम्ही विषाणू वाढवला, तेव्हा त्या यंत्रात एक बदल दिसला. प्रती भराभर निघत होत्या. तिथल्या माणसांत विषाणू बदललाय, असं सांगणारा पेपर लिहून तयार होता.

"पाठवायच्या आधी मूळ स्वॅबमधल्या विषाणूचा जनुकीय क्रम वाचून घे," लॅबचे प्रमुख असलेले सर म्हणाले.

स्वॅबमध्ये विषाणू थोडाच असतो, म्हणून आधी वाढवायचा आणि मग वाचायचा, ही आमची सवय. आमच्याकडचा स्वॅब तर संपलाही होता. तिथल्या दवाखान्याचे लॅब टेक्निशियन मडावीभाऊ यांनी त्याच रुग्णाच्या स्वॅबची दुसरी कुपी जपून ठेवली होती. ती त्यांनी बर्फाच्या डब्यातून पाठवली. तिचाच हा रिपोर्ट.

मग मी फ्रीझरमधल्या जुन्या कुप्या काढून वाचल्या; एका फ्लास्कमधून पुढच्या फ्लास्कमध्ये वाढवताना दर खेपेची एक कुपी आम्ही ठेवतो. विषाणू वाढवायला आम्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरतो. पहिल्या खेपेला बदल नव्हता. तिसऱ्या खेपेला थोडा. पाचव्या खेपेला सगळीकडे. विषाणू माणसात बदललाच नव्हता. त्या पेशींत रुळता रुळता माझ्याच फ्लास्कमध्ये बदलला होता.

"पेपर गेला, सर."

"पेपरचं राहू दे. हे बाहेर कुणाला सांगितलं होतंस?"

सांगितलं होतं. तालुक्याच्या आरोग्य मीटिंगमध्ये, स्लाइडवर गावाचं नाव टाकून.

मडावीभाऊंना फोन लावला. "भाऊ, विषाणू साधाच निघाला. चूक माझी झाली."

ते म्हणाले, "मंग त्या पोरींचं काय करता, मॅडम?"

"कोणत्या पोरी?"

"तुमाले माहीत नाई? तुमी गावाचं नाव घेतलं ना. आश्रमशाळेनं तिथल्या पाच पोरी घरी धाडल्या. बिमारी पसरन म्हणे."

"मला कुणी सांगितलं नाही, भाऊ."

"तुमाले कोन सांगन? तुमी तं नागपूरले."

मी आश्रमशाळेचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला गेले. त्याच मीटिंगमध्ये, त्याच लोकांसमोर चूक सांगितली. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी लेखी मागितलं, ते दिलं. मग मडावीभाऊंसोबत गावात गेले. चार पोरी शाळेत परतल्या. पाचवी पोरगी, आठवीत शिकणारी, मावशीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. तिची आई गोंडीत काहीतरी बोलली.

मडावीभाऊंनी मराठीत सांगितलं, "ते विचारून राह्यली, हे आधी काऊन नाई तपासलं?"

ती पोरगी अजून परतलेली नाही.

पेपर पुढे निघाला, पण वेगळा: वाढवताना विषाणू कसा बदलतो, यावर. आता मी मूळ नमुना आधी वाचते, आणि स्लाइडवर गावाचं नाव टाकत नाही. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशीही करता आल्या असत्या.