दादानं दाढी काढली तो दिवस

माझ्या दादानं दाढी काढली म्हणून त्याचं पहिलं मूल गेलं.

आमच्या घरात जवळजवळ सत्तर वर्षं हे असंच सांगितलं गेलं.

ते खोटं आहे. आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दादा आज सकाळी गेला. वय ब्याण्णव. फोटो टाकून दोन ओळी लिहिणार होते, पण तेवढ्यानं भागणार नाही. थोडं मोठं आहे, वेळ असेल तर वाचा.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमची खोली लालबागला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. नळ तळमजल्यावर. दादा गिरणीत होता आणि उरलेला वेळ मोर्चात. मी अकरा वर्षांची. वहिनीला सातवा संपत आलेला.

आमच्याकडे कोकणातली पद्धत. बायको पोटुशी असली की नवऱ्यानं तोंडाला वस्तरा लावायचा नाही. समुद्रात डुबकी मारायची नाही, प्रेताला खांदा द्यायचा नाही.

एरवी दोन दिवसांची दाढी दिसली तरी "सुतक आसा काय रे घरात?" विचारणारी आमची आई. पण आता तीच दादाच्या दाढीकडे कौतुकानं बघायची.

दादाचा देवावर विश्वास शून्य. "माझ्या दाढीशी देवाला काय करायचंय?" म्हणायचा.

तरी आईसाठी त्यानं ती वाढवली होती. चांगली छातीच्या दिशेनं निघाली होती. चाळीतली मुलं त्याला "ओ महाराज" म्हणून चिडवायची आणि तो खरोखर आशीर्वाद द्यायचा.

सकाळचं पाणी भरायचं काम माझं.

त्या दिवशी रस्त्यावरून मोर्चा चालला होता. मी हंडा नळाखाली लावला आणि गेले बघायला. अर्धा तास तरी तिथेच. घोषणा देऊन घसा बसवला.

परत आले तर वहिनी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसलेली. हंडा कलंडलेला, सगळीकडे पाणी. नळ जायची वेळ झाली म्हणून बिचारी स्वतःच उतरली होती.

"काय नाय झाला. आईंक सांगू नको हां."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, मला तेव्हा फक्त माझ्या माराची भीती वाटली होती.

दोन दिवसांनी भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "कालपासना बाळ हलत नाय गो."

मी तेही कुणाला सांगितलं नाही.

त्याच दुपारी दादा घाईघाईनं आला. धरपकड चालू होती. पोलीस एका दाढीवाल्याला शोधतायत, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

गॅलरीत खिळ्याला आरसा लावून त्यानं दहा मिनिटांत दाढी उतरवली. पाण्याचा तांब्या मीच धरला होता. आई तेव्हा बाजारात होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीला हॉस्पिटलात नेलं. मुलगी होती. जिवंत नव्हती.

आईनं दादाचा गुळगुळीत चेहरा तिथे, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, नीट पाहिला.

"बायल पोटुशी आसताना वस्तरो लावू नको म्हणान सांगलेलंय मां तुका? स्वतःच्या पोराक खाल्लंस रे."

सगळ्यांसमोर.

दादानं हनुवटीवर हात ठेवला आणि खाली बघत उभा राहिला. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

चार वर्षं आई त्याच्याशी थेट बोलली नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी तिनं अख्ख्या मजल्याला पेढे वाटले, आणि दादाचा पेढा माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्येका दी."

ज्यानं त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्याला पेढा माझ्या हातून.

पुढे त्याला दोन मुलं झाली. दोन्ही वेळा त्यानं मुकाट्यानं दाढी वाढवली. माझा नास्तिक दादा. मला वाटायचं, आईचं बोलणं त्यालाही पटलंय. ते बघून मी आतल्या आत मरायचे.

आई गेली ती तेच बोलत गेली. वहिनीही गेली. मी लग्न केलं, शाळेत शिकवलं, रिटायर झाले. शेकडो मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं.

गेल्या महिन्यात दादाकडे गेले होते. त्याचे हात थरथरायचे म्हणून त्याची दाढी मी करायला घेतली. त्याच्या गालाला साबण लावताना मला राहवेना. हंडा, जिना, बाळ हलत नव्हतं ते, सगळं सांगून टाकलं. रडत रडत.

तो शांतपणे म्हणाला, "मला माहितीय, बेबी."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. हॉस्पिटलातच सांगितलं तुझ्या वहिनीनं."

"मग आईला बोलला का नाहीस रे?"

"कसं बोलू? आईनं तुम्हा दोघींना जन्मभर तेच ऐकवलं असतं. तू एवढीशी होतीस. आणि हिचं तर मूल गेलं होतं."

"आणि तू?"

"माझी काय, दाढीच होती. परत वाढते ती." मग म्हणाला, "साबण वाळतोय गं, कर लवकर."

मला माफीसुद्धा नीट मागू दिली नाही त्यानं.

भाचे मंडळी, तुमच्या बाबांबद्दल ते वाक्य यापुढे घरात कुणी उच्चारायचं नाही.

दादा, आता आई भेटेल तुला. या वेळी तिला खरं काय ते सांग. माझं नाव घेऊन सांग.

मी ऐंशीची झाले रे आता. मला वाचवायची गरज नाही.

साश्रू नमस्कार.
तुझी बेबी