बोटीवरची मोगरी

केज-अंबाजोगाई रस्त्यावर मी जन्मभर एसटी हाकली. पावसाळ्यात त्या खड्ड्यांत म्हशी पोहायच्या आणि मी हॉर्न देऊन त्यांना काठाला लावायचो. असल्या माणसाला समुद्र काय हलवणार, असं मी जावयाला छातीवर हात मारून सांगितलं. त्यानं आम्हा नवरा-बायकोला मुंबईहून क्रूझवर धाडलं. माझं बोलणं समुद्राच्या कानावर गेलं असावं. दुसऱ्या दुपारी त्यानं बोटीच्या कमरेत अशी लाथ घातली, की वाढप्याच्या हातातलं पातेलं उडालं आणि पिवळीधमक डाळ बायकोच्या पांढऱ्या साडीवर सांडली.

नेमकी त्या दिवशी बुद्धपौर्णिमा. पांढरं नेसून, चंद्र उगवताना वंदना म्हणायची, हा तिचा नेम. लग्नापासून तो एकदाही चुकला नव्हता. पोटाला टाके असताना दवाखान्याच्या खाटेवर बसून म्हटली होती. आणि सामान कमी घ्या असं लेकीनं बजावल्यामुळं पांढरी साडी एकच.

बोटीवर कपडे धुवायचं यंत्र होतं. बायको म्हणाली, "परक्याच्या चड्ड्यांत माझी वंदनेची साडी घुमवायची न्हाई."

तिनं पिशवीतून मोगरी काढली. बाभळीची, कपडे धोपटायची, माहेरहून आलेली. बंदरावरच्या तपासणीत तिथल्या पोराला ती बॅट वाटली होती, आणि मी त्याला सांगितलं होतं, की आमच्या सासूबाई जिल्ह्याकडून खेळायच्या.

तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती पलंगावर बसली आणि मला आत ढकललं. न्हाणीघर एवढं, की वळायचं तर पोट आधी बाहेर ठेवून यावं लागे. डाळीतल्या हळदीला साबण लागताच डाग लालभडक झाला. बकरं कापल्यासारखं पाणी माझ्या पायांवरून वाहू लागलं. मी मोगरी उचलली. पहिल्या तडाख्यात शाम्पूची बाटली फुटली. दुसऱ्यात आरशाला तडा गेला. तिसऱ्याला शॉवरची नळी खुंटीवरून सुटली आणि फणा काढून माझ्या डोळ्यावर आदळली. मी बोंबललो.

"कावून थांबलात? हाणा," बाहेरून हुकूम आला. "लई कोडगा हाय. जीव गेला तरी सोडायचा न्हाई."

मग मी डोळे मिटून हाणत सुटलो. प्रत्येक ठोक्याला माझ्या तोंडून असा आवाज निघे, की खालच्या मजल्यावरचं इंजिन लाजून गप्प झालं.

दारावर थाप पडली. मी उघडलं. उंबऱ्यात बोटीचा पहारेकरी. त्याच्यासमोर मी : एक डोळा सुजलेला, हातात मोगरी, पायाखाली लाल पाणी. त्याचा हात कमरेच्या वायरलेसकडं गेला. शेजारच्या बाईंनी कळवलंय, इथं कुणाचा तरी जीव घेताहेत, असं तो हिंदीत म्हणाला. बायकोनं त्याला आत घेतलं, डाग दाखवला, आणि चौकशी पुरी व्हायच्या आत साडीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. आम्ही दोघांनी ती अशी पिळली, की बिचाऱ्याचे खांदे कडकडले. जाताना मात्र त्यानं नियम सांगितला : गॅलरीत, डेकवर काहीही वाळत बांधायचं नाही.

"बांधायची न्हाई ना?" बायको म्हणाली. "मग धरू."

लाल गेलं होतं, पिवळं उरलं होतं, आणि ते फक्त ऊनच खातं. आमच्याकडं मांजरा नदीच्या काठी बायका दोन टोकं धरून साडी वाळवतात, तसे आम्ही डेकवर उभे राहिलो. वाऱ्यानं साडी फुगवली आणि मला खोंडासारखं फरफटत नेलं. खुर्च्या उलथल्या. पदराचा फटकारा बसून एका गृहस्थाचं आइस्क्रीम थेट अरबी समुद्रात गेलं. मी दोनदा कठड्याला आपटलो. पलीकडचं टोक धरून बायको मात्र खळ्यात रोवलेल्या मेढीसारखी उभी, गुडघे विसरून. काठ टर्रकन फाटला, तरी तिनं सोडलं नाही. ऊन उतरेपर्यंत पिवळ्याचा मागमूस नव्हता.

चंद्र वर आला तेव्हा ती डेकवर हात जोडून बसली होती, फाटका काठ निऱ्यांत दडवून, पांढरीशुभ्र. मी शेजारी. मागून शेजारच्या केबिनातल्या त्या बाई आल्या. पुण्याच्या. त्यांनी माझा काळानिळा डोळा पाहिला, बायकोकडं पाहिलं, आणि हळूच माझ्या हातात मलमाची ट्यूब ठेवली.

"भाऊ, किती वर्षं सहन करताय हे?"

मी उसासा टाकला. "लग्न झाल्यापासून, ताई."

बायकोनं डोळे उघडले नाहीत, वंदनेचा एक शब्द चुकू दिला नाही. फक्त तिचं कोपर माझ्या बरगडीत असं बसलं, की तिथं ती ट्यूब पुरली नाही.