राणीछाप रुपया आणि मुरूमचे दोन भाऊ

जुनी नाणी जमवणाऱ्या बाईला कुणी सहलीला बोलावत नाही, नाणी तपासायला बोलावतात. मुरूमहून महादेवप्पांचा फोन आला, तोही असाच. "मॅडम, आमच्याकडं राणीछाप प्रूफ रुपया हाय. तेवढं आमच्या थोरल्याला येऊन सांगा."

थोरले म्हणजे शिवलिंगप्पा. घर, शेत, आडतीचं दुकान, सगळ्याची वाटणी गुण्यागोविंदाने झालेली. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओने या एका रुपयाचा भाव चढवला आणि तेवढा तो अडला. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. निकाल द्यायला मी पुण्याहून निघाले.

सोलापूरहून उमरग्याची एसटी पकडावी. वाटेत नळदुर्गचा किल्ला जरूर बघा. पावसाळ्यात गेलात तर पाणी महालावरून नदी कोसळताना दिसते. मी भर मार्चमध्ये गेले, म्हणून दगड पाहिले. स्टँडवरची मिरची भजी मात्र बारमाही, वीस रुपयांत डोळ्यांतून पाणी. पुढे येणेगूरला उतरून मुरूमला काळीपिवळी जीप. बसायला जागा मिळते, पाय ठेवायची ज्याची त्याने बघावी.

शिवलिंगप्पांच्या ओसरीवर दोघे भाऊ दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. बोलायचं असलं की माझ्यामार्फत.

"मॅडम, त्याला विचारा, बाच्या मागं देवघर कुणी सांभाळलं?"

"मॅडम, त्यांना सांगा, वाटणीच्या वक्ताला देवघरातली पेटी म्या उघडली हुती."

थोरल्या वहिनी गंगाबाईंनी रुपया आणून माझ्या तळहातावर ठेवला. तो लखलखत होता.

"बघा की, आरशागत!" महादेवप्पा म्हणाले.

इथेच सगळे फसतात. प्रूफ नाणं बाजारासाठी नसतंच. टाकसाळ ते नमुना म्हणून काढते, घासून गुळगुळीत केलेल्या ठशांनी, निवडक चकतीवर, एकापेक्षा जास्त वेळा दाबून. म्हणून चकाकीवर जाऊ नये, काठ पाहावा. प्रूफची कड धारदार असते, अक्षरं भिंतीसारखी सरळ उभी, राणीच्या केसांची बट न् बट सुटी. मी भिंग लावलं. इथे अक्षरांचे खांदे उतरलेले, राणीचा गाल झिजलेला, आणि सगळ्या नाण्यावर बारीक ओरखडे, एकाच दिशेने.

"हा घासता कशाने?" मी विचारलं.

"चिंच लावून रांगोळीनं," गंगाबाई अभिमानाने म्हणाल्या. "दरसाली लक्ष्मीपूजनाला. सासूबाई बी तसंच करायच्या."

एखाद्या रुपयाची एवढी सेवा झालेली मी पाहिली नव्हती. तरीही सांगितलं, "रुपया चांदीचा आहे, खरा आहे. पण प्रूफ नाही. लोकांच्या हातात फिरलेला साधा रुपया आहे."

मग शिवलिंगप्पा चक्क वळले आणि धाकट्याला कानडीत काहीतरी म्हणाले. धाकटे खदखदून हसले आणि त्यांनीही दोन वाक्यांची भर घातली. मी गंगाबाईंकडे पाहिलं.

"म्हणत्यात, पुण्याच्या बाईला काय कळतंय," त्यांनी पदराने डोळे टिपले. "पर बोलले की हो दोघं!"

जेवायला हुग्गी होती, गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. दोघे भाऊ शेजारी बसून माझ्या अज्ञानावर मनसोक्त बोलत जेवले. मला वाढण्यात मात्र हात आखडला नाही. निघताना महादेवप्पा समजुतीने म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घ्यू नगा. अभ्यास वाढवा."

घरी येऊन दोन दिवस मी धुमसत होते. खरं बोलले होते, पण ते कुणाच्या उपयोगी पडलं, हे काही कळेना. मग गंगाबाईंचा फोन आला. दोघं एकाच गाडीने हैदराबादला जाऊन दुसऱ्या जाणकाराला भेटले होते. त्यानेही तेच सांगितलं.

"मग?"

"मग काय, वाटभर त्याला बी नावं ठेवत आले. रातच्याला हितंच जेवले धाकटे." जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या वळखीचा अजून कुणी हाय का हो, साधाच हाय म्हणणारा?"

मी दोन नावं दिली. दोघेही भलतेच कडक आहेत.