धुऱ्यावरचं हाड

भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन मी संगणकाच्या कंपनीत चिकटलो, कारण त्या वर्षांत पुण्यात जो तो तिथंच चिकटत होता. दगड सुटले ते सुटलेच. म्हणून ऑफिसातल्या नितीननं वरोऱ्याजवळच्या गावी चलतोस का विचारलं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या खोलीला कुलूप लावून मी निघालो. त्याचं शेत लामेटा खडकावर आहे. डायनासोरचे अवशेष सापडतात तो हाच थर.

वर्ध्यापर्यंत रेल्वे, पुढे बस, शेवटी नितीनची मोटरसायकल. ती वेशीपाशीच पंक्चर झाली. तो दुरुस्तीला मागे राहिला आणि त्याच्या वडिलांनी, गजाननकाकांनी, मला जेवायला बसवलं. पाटोडीचा रस्सा (बेसनवड्यांचा) असा तिखट की आपल्या आमटीची कीव आली.

मग शेत पाहिलं. माती लालसर-हिरवट, भुसभुशीत. पुण्याचा काळा पाषाण या थराच्या डोक्यावर नंतर येऊन बसला. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. धुऱ्यावर (बांधावर) मांडीएवढा जाड दगड रोवलेला होता. फुटलेल्या टोकाशी बारीक जाळी दिसली आणि मी ओरडलोच, "अहो काका, हे हाड आहे! डायनासोरचं!"

"हळू बोला जी. मले मालूम हाय."

पलीकडचं शेत काकांच्या धाकट्या भावाचं, सुधाकरचं. वाटणीच्या वेळी दोघांच्या वडिलांनी हद्द म्हणून हाच दगड रोवला. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही, पण हद्दीवरून भांडणही नाही.

"हाड हाय हे त्याले समजलं, त थो म्हणन अशुभ हाय, उपटा. मंग पुन्हा मोजणी, पुन्हा कोर्ट. त्याले सांगू नोका."

मी शब्द दिला. काका बैलांना पाणी दाखवायला गेले, तेवढ्यात पलीकडून सुधाकरकाका आले.

"पुण्याचे पाव्हणे का? हाड पाहून राह्यले?"

मी दगडावरचा हात काढून घेतला.

"बानं मले लहानपनीच सांगतलं होतं. पन भाऊले सांगू नोका. थो देवाधर्माचा मानूस, उपटून फेकन. मंग कोर्टात आमी दोघंबी मरू."

त्यांनाही शब्द दिला. फोटो काढून जुन्या सरांना दाखवायचा मोह फार झाला, पण कॅमेरा पिशवीतच राहिला.

परतताना दौंड गेल्यावर मी नितीनला म्हणालो, "बाबांना सांग, सुधाकरकाकांना एकदा जेवायला बोलवा."

नितीन हसला. "त्या दोघांना कधी एकमेकांची काळजी होती का रे?"

मला फार वाईट वाटलं. उत्तर माझ्यापाशी होतं, पण शब्द दोघांनाही दिला होता.