भिंतीवरच्या सतरा चिलमी

नारबाजी गांजा विकत, आणि गिऱ्हाइकांना परत पाठवण्यात त्यांचा अर्धा दिवस जाई. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या बाजारातले गांजाचे सरकारमान्य दुकान त्यांचे होते. एक फळी, पितळी तराजू, चौकटीत बसवलेला परवाना आणि पाठीमागे मातीची भिंत, एवढाच पसारा. माणूस पुढे आला की तराजूला हात लावण्यापूर्वी ते विचारत, "जेवला का गा?" न जेवलेल्याला माल मिळत नसे. मिसरूड न फुटलेल्याला मिळत नसे. सकाळी नेऊन दुपारी पुन्हा आलेल्यालाही मिळत नसे. गावात म्हणत, "नारबाजीचं दुकान म्हंजे सासरवाडी. पयले चौकशी, मंग पाहुनचार."

माझा नातू हैदराबादला वकिली करतो. परदेशांत गांजाला कायद्याची मोकळीक मिळू लागली आहे, आपल्याकडे ती दिली तर समाजाचे काय होईल, असे त्याने मागच्या दिवाळीत मला विचारले. मी आबकारी खात्यात नोकरी केली, म्हणून माझ्यापाशी उत्तर तयार असेल असा त्याचा समज होता. तसे ते नाही. मी ते दुकान उघडे असताना पाहिले, आणि माझ्याच हाताने त्याला कुलूपही घातले. उघडे आणि बंद यांच्यामध्ये मला एक माणूस भेटला. त्याच्याविषयी मात्र मी सांगू शकतो.

निजामाचे राज्य जाऊन काही वर्षे झाली होती. मी दुय्यम निरीक्षक म्हणून बोथला आलो. लोक मला दरोगासायेब म्हणत; हुद्द्याचे नाव कागदावर बदलले होते, जिभेवर बदलायचे होते. पहिल्याच तपासणीत मी वजने पाहत असता नारबाजींनी विचारले, "जेवले का सायेब?" ही लाचेची प्रस्तावना आहे असे समजून मी त्यांना चारचौघांत फैलावर घेतले. ते शांतपणे म्हणाले, "मी सगळ्यायलेच इचारतो. तुमाले एकट्याले सोडलं तर लोक म्हनतीन, नारबाजीनं सायेबाले येगळं धरलं." लोक हसले. मी हसलो नाही. वजने बरोबर निघाली.

उंच, वाळल्या अंगाचा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला हा माणूस स्वतः विडीसुद्धा ओढत नसे. मग हा धंदा का करता, असे मी एकदा विचारले. त्यांचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते. "कोनी ना कोनी इकनारच हाय. मी इकतो, तवा कोन किती बुडून राह्यला, ते मले दिसते तरी." आपल्या धंद्याविषयी त्यांच्या मनात फार भ्रम नव्हता. परवान्याच्या चौकटीकडे बोट करून ते म्हणत, "या मोहरेनंच लई लोक बिघडले. सरकारचा शिक्का पाह्यला की मानसाले वाटते, हे औषधच हाय." वरिष्ठांकडून विचारणा होई की, या दुकानाची विक्री एवढी कमी का. नारबाजी तो कागद वाचून घेत, घडी घालत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारत, जेवला का.

त्यांच्या पाठीमागची भिंत हा गावचा एक रिवाज होता. ज्याला गांजा सोडायचा असेल तो सकाळी अंघोळ करून, बायकोला किंवा आईला बरोबर घेऊन दुकानी येई आणि आपली चिलीम नारबाजींच्या हाती देई. ते ती तिच्याच छापीत, म्हणजे ओढताना खाली धरायच्या फडक्यात, गुंडाळून सुतळीने भिंतीवरच्या खिळ्याला टांगत. त्यानंतर त्या माणसाला दुकानातून माल बंद. चिलीम परत हवी असेल, तर जी बाई देताना हजर होती तिनेच येऊन मागायची. माझ्या काळात अशी एकही बाई आली नाही. माल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या भिंतीवर जाई. कोणाची चिलीम कोणती, हे गावाला पाठ होते. मी आलो तेव्हा पंधरा होत्या; पुढे सतरा झाल्या.

सतरावी मारोती सुताराची. बैलगाड्यांच्या चाकांसाठी त्याच्याकडे लांबून लोक येत. गांजाच्या तारेत तासणी चालवताना त्याने डाव्या हाताचे एक बोट घालवले होते. त्याची बायको गंगूबाई त्याला घेऊन आली, तेव्हा मी योगायोगाने दुकानात होतो. मारोतीने चिलीम दिली आणि भिंतीकडे पाहत तो म्हणाला, "नारबाजी, खिळा नीट ठोकला ना?" नारबाजी म्हणाले, "खिळा माझा पक्का हाय. तुझा तू पाह्य." दोन वर्षे मारोतीने धूर घेतला नाही. त्याची चाके पुन्हा एकसारखी गोल होऊ लागली.

नंतर भाषेप्रमाणे राज्ये झाली. किनवट आणि राजुरा पलीकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही अलीकडे आंध्रात राहिलो. कचेरीत एकाच टेबलावर उर्दूतली जुनी मिसल, इंग्रजी हुकूम आणि तेलुगू टिपण असे तिन्ही असत, आणि आम्ही आपसांत मराठीत बोलत असू. त्या बदलांच्या वर्षांतच आमच्या भागातली गांजाची दुकाने बंद करण्याचा हुकूम आला. मला तो मनापासून पटला होता. जी वस्तू वाईट ती सरकारने विकू नये, इतका माझा विचार सरळ होता.

मी पंच बोलावून माल, तराजू आणि वजने जप्त केली. नारबाजींनी सर्व गोष्टी मुकाट्याने पुढे ठेवल्या. मी भिंतीकडे वळलो तेव्हा मात्र ते मध्ये आले. "सायेब, हे माल न्हवं. हे राहू द्या. याचं असं हाय का—" मी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. कायदा मला शिकवू नका, असे म्हणालो. ते बाजूला झाले, आणि मी चिलमीही उतरवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ते भैंशाला लेकीकडे निघून गेले.

आता त्या सतरा चिलमींचे काय करायचे? त्या दुकानदाराच्या मालकीच्या नव्हत्या आणि त्यांत गांजाही नव्हता. नियम स्पष्ट होता. जप्तीत चुकून आलेली खाजगी वस्तू तिच्या मालकाला पावती घेऊन परत करावी. रिवाज मला ठाऊक होता. पण दुकानच उरले नाही, तेव्हा रिवाज कसला उरणार, असे मी धरून चाललो. तीन दिवस मी सायकलवरून हिंडलो आणि सतराही चिलमी ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. सोळा अंगठे आणि एक सही घेतली. आपण काम चोख केले, याचे मला समाधान होते.

मारोतीच्या दारात मात्र ते समाधान जरा हलले. त्याने चिलीम दोन्ही हातांनी घेतली आणि विचारले, "नारबाजीनं पाठोली का?" मी म्हणालो, सरकारने पाठवली. तो छापीची गाठ सोडू लागला. गंगूबाई दळण टाकून बाहेर आली होती. ती म्हणाली, "सायेब, म्या मांगतली नव्हती. तुमी काऊन आनली?" मी पावती अंगठ्यासाठी मारोतीपुढे धरली.

आठ दिवसांनी नारबाजी परतले आणि थेट कचेरीत आले. मला वाटले, भांडतील. त्यांनी फक्त नावे विचारली, आणि मी पावत्या पुढे ठेवल्या. एकेक अंगठा पाहून ते म्हणाले, "चाला सायेब. सरकारनं देल्ल्या, आता सरकारनंच मांगाव्या." असे माझ्याशी तोवर कोणी बोलले नव्हते. मी टोपी घातली आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. गांजाचा माजी दुकानदार आणि आबकारीचा निरीक्षक चिलमी मागत हिंडत आहेत, हे पाहून बाजाराने आमची यथेच्छ टवाळी केली. "सरकार आता वढाले बसते वाटते," असे कोणीतरी म्हणालेच. नारबाजी प्रत्येक दारात आधी जेवणाची चौकशी करत, मग हात पुढे करत. चौदा जणांनी चिलमी दिल्या. काहींच्या घरी बायांनीच त्या आधी काढून ठेवल्या होत्या. दोघांनी दिल्या नाहीत, आणि पुढेही कधी दिल्या नाहीत. त्या दोघांचे काय झाले ते मला माहीत आहे. येथे लिहीत नाही.

उरला मारोती. तो पुन्हा ओढू लागला आहे, हे त्याच्या डोळ्यांवरूनच कळले. तो म्हणाला, "दुकान तं गेलं नारबाजी. आता कोठं टांगता?" नारबाजी म्हणाले, "दुकान गेलं. भित हाय." मारोतीने चिलीम दिली नाही.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी नारबाजी त्याच्या कामाच्या जागी जात. लाकडाच्या ओंडक्यावर बसत, "जेवला का गा?" एवढे विचारत, थोडा वेळ त्याचे हात पाहत आणि उठून येत. उपदेश नाही, शपथ नाही. मी एकदा म्हणालो, याचा काही उपयोग दिसत नाही. ते म्हणाले, "पयले तो माह्याकडं येत होता. आता मी त्याच्याकडं जातो. इतकाच फरक पडला, सायेब."

फरक आणखीही पडला होता, तो माझ्या खात्याच्या लक्षात उशिरा आला. माल आता मोटारथांब्यामागे कागदाच्या पुडीत मिळू लागला. विकणारा कोणाला जेवणाचे विचारत नसे, वयही विचारत नसे. मी त्यांतले काही पकडले. त्यांच्या जागी दुसरे आले. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, पूर्वी केवळ शिक्का पाहून हौसेने ओढणारे बरेच जण दुकान बंद होताच सुटले. नातवाला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्याला एकच हवी होती.

एका पुडीत धोतऱ्याचे बी कुटून घातलेले निघाले. ती मारोतीच्या वाट्याला आली. दोन दिवस तो कोणाला ओळखत नव्हता; भिंतीवरून गाड्या चालल्या आहेत असे सांगत होता. ताप उतरेपर्यंत नारबाजी आणि गंगूबाई त्याच्या दोन बाजूंना बसून होते. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा नारबाजींना पाहिले. "जेवले का?" असे या वेळी त्याने विचारले.

पंधरवड्याने मारोती अंघोळ करून, गंगूबाईला घेऊन नारबाजींच्या घरी आला. नारबाजींनी मला निरोप पाठवून बोलावले होते. दुकानाची खोली आता घराची पुढची खोली झाली होती. फळी गेली होती, भिंत तीच होती. मारोतीने चिलीम पुढे केली. नारबाजींनी ती घेतली नाही. "सायेबानं नेली व्हती, सायेबच लावतीन." मी छापी गुंडाळली, सुतळी बांधली आणि चिलीम खिळ्याला टांगली. माझे हात अशा कामाला सरावलेले नव्हते. गाठ गंगूबाईने दुरुस्त केली.

मग नारबाजींनी मला विचारले, "जेवले का सायेब?" मी म्हणालो, नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कच्चा कांदा होता. मी त्यांच्या घरी जेवलो. नोकरीत असताना दुसऱ्याच्या घरी जेवण्याचा तो माझा पहिला प्रसंग. त्या जेवणाला पावती नव्हती, आणि तिची उणीव मला भासली नाही.

पुढे माझी बदली आदिलाबादला झाली. नारबाजी त्यानंतर बरीच वर्षे जगले आणि एका दुपारी, जेवण झाल्यावर, अंथरुणावर पडल्या पडल्या गेले. दहाव्याला मी बोथला गेलो. त्यांच्या मुलांनी सर्वांसमोर विचारले, ज्याची त्याची चिलीम ज्याने त्याने न्यावी का. कोणी पुढे आले नाही. मारोती तेवढा उठला, बाहेर गेला आणि सागवानी लाकडाची एक लांब पट्टी घेऊन आला. तिच्यात त्याने खुंट्या बसवल्या होत्या. जुने खिळे गंजले आहेत, म्हणाला. नऊ बोटांनी त्याने ती पट्टी भिंतीवर पक्की केली आणि चिलमी एकेक करून तिच्यावर लावल्या.

चिलमी पंधरा होत्या आणि खुंट्या अठरा. दोन रिकाम्या खुंट्या मी ओळखल्या. अठरावी कोणाची, असे मी मारोतीला विचारले.

"येईन कोनी," तो म्हणाला, आणि तासणी उचलून जेवायच्या पंगतीकडे गेला.