घाटेअळ्या आणायला सिहोऱ्याला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या घाटेअळ्या मरायला लागल्या. हरभऱ्याच्या घाट्यात शिरणारी ही अळी कोणत्या वासाकडे ओढली जाते, हा माझा विषय. एका डबीत एकच ठेवायची, कारण दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते. त्या सकाळी प्रयोगशाळेत कितीतरी डब्यांमध्ये अळ्या काळ्या पडून उलट्या लोंबत होत्या. चिमट्याने धरली की फुटायची.

"वायरस है," माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या. "सब नष्ट करो, फिर से शुरू करो."

फिर से म्हणजे शेतातून नव्या अळ्या आणायच्या, त्यांचे पतंग होईपर्यंत थांबायचं, मग अंडी. आणि तिकडे हरभरा काढणीला आलेला.

मदन महल भागातल्या आमच्या घरी आले तरी बूड टेकवेना. चहा गार झाला. सारखे हात धूत होते.

बाबा डिफेन्स फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झालेले. त्यांनाही चैन नव्हती, चांगले चालणारे नळ खोलून बसायचे. पाना हातात धरूनच त्यांनी विचारलं, "काहून अशी फिरून राहिली?"

"अळ्या मेल्या, बाबा. सगळ्या."

ते हसले नाहीत. "अच्छा. मिळतात कुठे?"

"सिहोऱ्याकडे, शेतात."

"चलो, उद्या जाऊ."

बसमध्ये मी वाटभर डब्यांची पिशवी उघडत-बंद करत होते. उतरून हरभऱ्याच्या एका शेतात गेलो, तर तिथल्या शेतकऱ्याला वाटलं, आम्ही औषध कंपनीचे. बाबा म्हणाले, "नहीं भैया, बिटिया पढ़ाई कर रही है. इल्ली चाहिए."

त्याने बायकोला हाक मारली. "सुनो, ये लोग इल्ली लेने आए हैं!" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "सब ले जाओ, दीदी!"

दुपारपर्यंत आम्ही वाकून घाटे उलगडत होतो. बाबांनी एका डबीत दोन अळ्या टाकल्या. मी ओरडलेच. त्यांनी एक काढून दुसऱ्या डबीत ठेवली आणि ते पुढच्या ओळीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण सॉरी म्हणायलाही थांबले नाही. ऊन वाढत होतं, अळ्या पानांखाली दडत होत्या.

त्यातल्याही बऱ्याच मेल्या. उरलेल्यांचे पतंग झाले आणि एका सकाळी पिंजऱ्यातल्या कापडावर अंडी दिसली, खसखशीएवढी. मी तिथूनच बाबांना फोन केला.

"म्हणजे झालं तुझं काम?"

"नाही, बाबा. आता कुठे सुरू होईल."